नलूबाईंचं टिरिल

नलूबाईंनी नाडी पाहायला मनगट धरलं, की ते मनगट थोडा वेळ आपलं राहत नाही. आधी त्या इमानदारीनं नाडी मोजतात. मग त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आपल्या हाडावर थडथड थडथड नाचायला लागतं. पहिल्या वेळी मी घाबरलोच.

"बाई, काही गडबड आहे काय?"

"नाडी बेस हाये," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "मी टिरिल मारून राह्यली."

मूल गावात आमच्या दोन घरांत मिळून एकच भिंत. मी शाळेत मास्तर, आणि नलूबाईंनी उभा जन्म खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांत नर्स म्हणून काढलेला. रिटायर झाल्या आणि पुढच्याच आठवड्यात भावाच्या गावाहून एक क्लॅरिनेट घेऊन आल्या. लग्नाच्या बँडमध्ये असते ना, काळी, चांदीसारख्या चाव्यांची, तीच.

टिरिल म्हणजे ट्रिल. एक सूर धरून ठेवायचा आणि शेजारचा सूर एका बोटानं भराभर लावायचा-सोडायचा. सूर थरथरायला लागतो. शिकणारा माणूस आधी सारेगम शिकतो, मग एखादं गाणं, आणि या नक्षीकडे वर्षा-दोन वर्षांनी वळतो. नलूबाईंनी सुरुवात नक्षीपासून केली आणि तिथंच मुक्काम ठोकला.

त्यांना शिकवणारे बँडमास्तर एकदा चहाच्या टपरीवर भेटले. कप हातात तसाच धरून म्हणाले, "सर, बाईले समजवा थोडं. मी म्हनतो, गानं घ्या. बाई म्हनते, गानं राहू द्या, त्या बाजूच्या चार चाव्या सांगा. भात नाई, वरण नाई, नुसतं लोनचं मागते बाई."

क्लॅरिनेटच्या उजव्या अंगाला चार लहान चाव्या असतात. डाव्या हातानं सूर धरला, की उजव्या हाताच्या एका बोटानं त्या चाव्या हलवून टिरिल निघतं. बाईंनी मोबाईलवरून बोटांचा तक्ता छापून आणला आणि गॅसच्या वर चिकटवला. काळा गोल म्हणजे भोक झाकायचं, पांढरा म्हणजे उघडं ठेवायचं. बाई तो औषधाच्या चिठ्ठीसारखा वाचत. "काळी गोळी द्याची, पांढरी गोळी बंद. अन् ही चावी तकलीफ वाढली तरच."

बोट मात्र कुठंही चालू असे. चंद्रपूरला जाताना आम्ही जीपमध्ये तिघांच्या जागेत पाच जण बसलो होतो. बाईंचा हात पुढच्या सीटवरच्या एका पागोटेवाल्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर. पोंभुर्ण्याचा फाटा गेल्यावर म्हातारा वळून म्हणाला, "बाई, पाच किलोमीटर झाले तुमी मले उतराचं सांगून राह्यल्या काय?"

"नाई जी. बसा तुमी. हाड चांगलं हाये तुमचं."

म्हातारा खूश झाला. उतरेपर्यंत त्यानं खांदा हलवला नाही.

गल्लीचं मात्र तसं नव्हतं. रोज सकाळी सात ते आठ, भुकेल्या बकरीला उचकी लागावी तसा आवाज. महिनाभर लोकांनी सोसलं. मग शिष्टमंडळ म्हणून मला पाठवलं. मागणी साधी होती: बाईंनी वाजवावं, पण एखादं गाणं वाजवावं.

"गानं मले येत नाई," बाई म्हणाल्या.

"मग शिका ना."

"ते माह्यं काम नाई." हे त्यांचं जुनं वाक्य. रोग ओळखणं डॉक्टरचं काम, सुई टोचणं त्यांचं. "गल्लीले सांगा, पंधरा दिवस अजून."

सोळाव्या दिवशी बाई क्लॅरिनेटची पेटी काखेत घेऊन माझ्या दारात उभ्या. वैनगंगेकडच्या गावाला जाणारी बस आली नव्हती. "सर, गाडी काढता काय? दादाकडं जाचं हाये."

शालिकदादा, त्यांचा थोरला भाऊ. कधीकाळी त्या भागातलं एकही लग्न त्याच्या क्लॅरिनेटशिवाय लागत नसे. काही वर्षांपूर्वी धान मळताना उजवा हात थ्रेशरमध्ये गेला. अंगठा तेवढा राहिला. हे मला मोटरसायकलवर, वाऱ्यात ओरडून, अर्धं-मुर्धं कळलं. तेव्हापासून दादा लग्नाला जात नाही. दुरून बँड ऐकू आला तर शेताकडे निघून जातो. दुरुस्तीला नेते म्हणून बाईंनी पेटी उचलून आणली होती, तेव्हाही त्यानं मान वर केली नव्हती.

दादा पडवीत खाटेवर बसला होता. पेटी पाहून म्हणाला, "विकून टाकाची होती."

बाईंनी ऐकलंच नाही. दवाखान्यात पेशंटला बसवतात तसं त्याला सरळ बसवलं. क्लॅरिनेटचं खालचं तोंड त्याच्या गुडघ्यांत दिलं, डावा हात उचलून वरच्या भोकांवर ठेवला आणि स्वतः उजवीकडे चिकटून बसल्या.

"डाव्या हातानं वरचे पाच-सहा सूर निघते तुह्ये. तेवढेच वाजव. इकडं मी हावो."

"तुले काय येते?"

"तू फुक."

पहिला सूर चिरकला. दुसरा फाटला. मग दोघं भांडले. "घाई केली तू," दादा म्हणाला. "तू फुंकरच अर्धी देली," बाई म्हणाल्या. कोंबड्या खाटेखालून बाहेर पळाल्या. मी पाण्याचा पेला हातात घेऊन उगाच उभा.

तिसऱ्यांदा मात्र सूर धरला. दादानं चार-पाच सूर सावकाश चालवले, मुलीची पाठवणी करताना वाजवतात तसले, आणि वरच्या एका सुरावर येऊन थांबला. त्यानं डोळ्यांनीच बाईंकडे पाहिलं. बाईंचं बोट चावीवर पडलं आणि सूर थरथरायला लागला. स्वच्छ, बारीक, न तुटता. शेजारच्या घरातून एक बाई हातातलं सूप घेऊन बाहेर आली आणि कुंपणाशी उभी राहिली.

दादाचे गाल फुगले, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाईंचं बोट काही थांबेना. शेवटी त्यानं तोंड बाजूला केलं.

"नलू, श्वास संपला माहा."

"मंग दुसरा घे," बाई म्हणाल्या.

त्यानं घेतला.