उजवी बाजू पाऊण इंच वर

टेलरमास्तर जेवता जेवता तिसऱ्यांदा उठले आणि खिडकीशी गेले. खाली त्यांची अठरा वर्षांची लांबलचक स्टेशन वॅगन उभी होती. मागच्या दोन्ही स्प्रिंगा कालच नव्या बसवून आणल्या होत्या आणि तेव्हापासून मास्तरांना चैन नव्हती.

"अहो, गाडी कुठे पळून चालली आहे का?" बायकोने विचारलं.

"पळत नाहीये. तिरकी उभी आहे."

"रस्ता तिरका असेल."

"चार ठिकाणी उभी करून पाहिली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत डावीकडे सोळा इंच, उजवीकडे पावणेसतरा!"

"पाऊण इंच कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना! एक पाय पाऊण इंच आखूड असलेली पँट मी कधी गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवली आहे का?"

बायकोने त्यांचं ताट झाकून ठेवलं.

उद्या सोमवारी नाट्यगृहाच्या मुख्य पडद्याचं काम कुणाला द्यायचं ते ठरणार होतं. काम मिळालं तर पडद्याच्या गुंडाळ्या याच गाडीतून न्यायच्या होत्या. आणि काम मागायला आलेला शिंपीच वाकड्या गाडीतून उतरला, तर समितीने काय समजायचं?

मास्तरांनी मेकॅनिकला फोन लावला.

"नवीन स्प्रिंगा आहेत मास्तर, बसायला वेळ लागतो," मेकॅनिक म्हणाला. "जरा वजन टाकून दोनशे-तीनशे किलोमीटर फिरू द्या."

मेकॅनिकच्या मनात महिनाभर होता. मास्तरांनी आजचाच दिवस धरला. दुकानातलं जुनं शिलाई मशीन आणि कापडाचे सात तागे त्यांनी मागे उजवीकडे रचले. पहिल्याच वळणावर मशीन घरंगळत डावीकडे गेलं, तागे त्याच्या मागोमाग गेले आणि गाडी मघापेक्षा जास्त तिरकी होऊन घरी आली. ठेवल्या जागी राहील असं वजन हवं होतं. पट्टा बांधून बसेल असं.

मास्तरांनी मापांची वही उघडली. कंबरेच्या रकान्यावरून बोट खाली खाली सरकलं आणि दोन नावांवर थांबलं.

"बेकरीवाले शेट, धरणाकडे तुमचे भाऊ राहतात ना? मी तिकडेच निघालोय, सोडतो."

दुसरा फोन वकीलबाईंना. "ताई, रोपं आणायला जायचं म्हणत होतात ना? चला की माझ्याबरोबर." वकीलबाई पडदा समितीच्या अध्यक्ष होत्या. पण त्या क्षणी मास्तरांना त्यांचं पद दिसलंच नाही, फक्त आकडा दिसला.

दोघं आले. मास्तरांनी वकीलबाईंना मागे उजव्या खिडकीशी बसवलं आणि बेकरीवाल्यांना त्यांना खेटून मधे.

"मी डावीकडे सरकतो की," बेकरीवाले म्हणाले. "ताईंना अवघडल्यासारखं होतंय."

"नको नको, ती सीट ओली आहे!"

तेवढ्यात शेजारच्या गणिताच्या बाई आल्या. अंगकाठी छडीसारखी. "धरणाकडे ना? मीही येते. डावीकडे जागा दिसतेय."

"ओलं आहे तिकडे!"

"रुमाल अंथरते."

"सीटची तार वर आलीय, बाई. टोचेल!" म्हणत मास्तरांनी गाडी दामटली. आरशात बाई तोंडाचा आ करून उभ्या होत्या.

वकीलबाईंनी हात लांब करून डावी सीट चाचपली. कोरडी ठणठणीत. तार नव्हती. दर दहा मिनिटांनी मास्तर गाडी थांबवत, "जरा हवा बघतो" म्हणून खाली उतरत आणि मडगार्डला टेप लावत. माणसं आत असली की गाडी सरळ दिसे; पण बेकरीवाले पाय मोकळे करायला उतरले की पुन्हा वर.

धरणाच्या अलीकडे गतिरोधक लागला. गाडीने उडी घेतली, पुढच्या सीटवरची वही उडाली आणि वकीलबाईंच्या पायाशी पडली. उघडलेल्या पानावर मास्तरांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: 'बेकरीवाले, बेचाळीस, मधे. वकीलबाई, चव्वेचाळीस, उजवी खिडकी. हलू देऊ नये.'

वकीलबाईंनी ते मोठ्याने वाचलं. 'हलू देऊ नये' दोनदा वाचलं.

"मास्तर!" बेकरीवाले ओरडले. "आम्ही काय पिठाची पोती आहोत?"

मास्तरांनी रडवेल्या आवाजात सगळं सांगून टाकलं. स्प्रिंगा, पाऊण इंच, मेकॅनिक.

"गाडी वळवा," वकीलबाई म्हणाल्या. "त्या मेकॅनिककडे घ्या. मला साक्षीदार तपासायचा आहे."

मेकॅनिक गॅरेजच्या मागेच राहत होता. तो दिवा घेऊन गाडीखाली शिरला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा चेहरा पडलेला.

"चूक माझी, मास्तर. चाक जॅकवर लोंबत असतानाच मी स्प्रिंगेचा उजवीकडचा बोल्ट आवळला. आतलं रबर तसंच पिळून बसलं आणि आता गाडीला वर ढकलतंय. चाकं जमिनीवर टेकवून आवळायचा असतो तो. असं तीन हजार किलोमीटर फिरला असतात तरी उतरली नसती."

त्याने बोल्ट सैल केला. गाडीने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला आणि खाली बसली. मग त्याने बोल्ट पुन्हा आवळला. मास्तरांनी टेप लावली. सोळा. दुसरीकडे, सोळा. त्यांचा चेहरा उजळला. मग मागे वळून पाहिलं आणि तो विझला.

वकीलबाई वही हातात धरून उभ्या होत्या.

"ताई, पडद्याचं काम नाही दिलंत तरी चालेल, पण..."

"पडद्याचं नंतर. हे चव्वेचाळीस कधीचं?"

"मागच्या वर्षीचं. कोट शिवला तेव्हाचं."

"म्हणजे पुरावा जुना आहे. मी आता रोज चालायला जाते. घ्या माप."

मास्तरांनी टेप कंबरेभोवती फिरवली. बेकरीवाले श्वास रोखून पाहत होते. मेकॅनिक पाना हातात धरून थिजला होता. टेपवर पंचेचाळीस स्वच्छ दिसत होते.

"एक्केचाळीस," मास्तर म्हणाले आणि घाईघाईने टेप गुंडाळली.

"वाटलंच होतं मला," वकीलबाई म्हणाल्या. "उद्या अकरा वाजता पडद्याच्या कापडाचे नमुने घेऊन या. आणि वहीत आत्ताच दुरुस्ती करा."

मास्तर पेन शोधत होते तोवर बेकरीवाल्यांनी सदरा वर केला, पोट आत ओढलं आणि ते पुढे सरकले.

"आता माझं घ्या."