पाहुण्यांसाठी भरली डोकी

मॅग्नीच्या सासूबाईंनी पाहुण्या आयलाबाईंच्या ताटात हॅडक माशाचं भरलं डोकं वाढलं आणि त्याच्या हातातला चमचा सुटून सूपमध्ये बुडाला.

"काय रे, खेकडा चावला की काय?" सासूबाईंनी विचारलं.

फ्रीजरमध्ये हॅडकची डोकी होती खरी, पण ती प्रयोगशाळेत तपासायला द्यायची होती. बेटाच्या पश्चिमेच्या समुद्रपट्ट्यात हॅडकची नुसती पिल्लं उरलीत, तो मासेमारीला वर्षभर बंद ठेवावा, असं शास्त्रज्ञांचं मत पडलं होतं. पट्टा बंद म्हणजे मॅग्नीची बोट धक्क्यालाच बांधलेली. त्यामुळे भर बैठकीत तो उसळला होता, "आमचे मासे पिल्लं नाहीत, बुटके आहेत! आमच्या सासूबाईही बुटक्या आहेत. त्यांना कुणी बालवाडीत घालतं का?"

"मग डोकी आणून द्या," त्या शास्त्रज्ञांपैकी डॉ. आयला रेंडल म्हणाल्या होत्या. माशाच्या कानातल्या खड्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलयं पडतात; तिथे थापा चालत नाहीत. मॅग्नीने डोकी जमवली, प्रत्येकाच्या जबड्यात चिठ्ठी अडकवली आणि धक्क्यावरचा फ्रीजर बिघडल्यामुळे घरच्या फ्रीजरमध्ये ठेवली. आज आयलाबाई ती न्यायला आल्या होत्या, आणि शेटलंड बेटांवर दारात आलेलं माणूस उपाशी परत जात नाही.

आता तो पुरावा ताटात वाफाळत होता. ओटचं पीठ आणि माशाची कलेजी ठासल्यामुळे असेल, पण डोकी चांगलीच फुगलेली दिसत होती.

"बाई, डोकं राहू द्या. बटाटे घ्या ना," मॅग्नी कसाबसा म्हणाला.

"मेल्या, पाहुण्यांच्या तोंडचा घास काढतोस?"

आयलाबाईंनी डोकं चाटूनपुसून खाल्लं. मग सवयीने माशाच्या कानातला खडा काढला, पुसला, मोडला आणि खिशातलं भिंग लावून दिव्याखाली धरला.

"नऊ... दहा... अकरा! अहो, हा अकरा वर्षांचा आहे!"

मॅग्नीची भीती पळाली. तो ताडकन उभा राहिला. "माझाच आहे तो! पश्चिमेचा! हाच तुमचा नमुना, चुकून शिजला. लिहून घ्या!"

"शिजलेला नमुना?" आयलाबाई घुटमळल्या.

"शिजवून कुणाचं वय वाढतं का, बाई?"

"ते नाही वाढत. पण ही डोकी पश्चिमेचीच, हे नक्की?"

"सासूबाईंची शपथ!"

"माझी कशाला खातोस?" सासूबाई कडाडल्या. "तुझी डोकी वाटाण्यांच्या पिशवीखाली आहेत, चिठ्ठ्यांसकट. एवढीएवढीशी! ती काय पाहुण्यांना वाढायची? ही मी गिब्बीकडून आणली."

गिब्बी म्हणजे मॅग्नीचा थोरला भाऊ. तो पूर्वेच्या पट्ट्यात मासेमारी करी. तिथे चिखलाशिवाय काही मिळत नाही, असं मॅग्नी गावभर सांगत फिरे.

आयलाबाईंनी शांतपणे फ्रीजर उघडला आणि चिठ्ठ्या लावलेल्या डोक्यांचा खोका बाहेर काढला. वरच्याच डोक्यातला खडा काढून दिव्याखाली धरला. या वेळी मोजायला फार वेळ लागला नाही.

"दोन."

दुसरा काढला. "हाही दोनच."

"बघ!" सासूबाई म्हणाल्या. "मी बुटकी आहे. ही पोरं आहेत."

मॅग्नी मटकन खाली बसला. सासूबाईंनी गिब्बीकडचं सगळ्यात मोठं डोकं त्याच्या ताटात वाढलं.

"सावकाश खा हो," त्या म्हणाल्या. "आता तुला समुद्रावर जायची घाई नाही."