अठ्ठ्यांची जोडी आणि वाटीभर बिरडं

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी चाळीचा हॉल कुणाला, यावरून चिंचपोकळीत समोरासमोरची दोन दारं एकमेकांवर रुसली होती. अभयला तो धाकट्या बहिणीच्या, अनुजाच्या साखरपुड्यासाठी हवा होता आणि रघुकाकांना मुलाच्या हळदीसाठी. चिठ्ठी टाकायला दोघंही तयार नाहीत. कॅरम म्हणावं, तर काका त्यात दादा. शेवटी मंडळाचा सेक्रेटरी राजेश वैतागून म्हणाला, "पोकर खेळा! दोघांनाही धड येत नाही, म्हणजे न्याय होईल."

पण पैशांऐवजी लावायच्या चकत्या कुठून आणायच्या? वाण्याकडून कडवे वाल आले. प्रत्येकाला दीड हजार मोजून देताना राजेशच्या डोळ्यांना पाणी आलं. ज्याचे वाल संपले, त्याचा हॉल गेला! पहिल्या रविवारी अभयने मुसंडी मारली आणि दोन हजारांवर गेला, काका हजारावर आले. तेवढ्यात रक्तदान शिबिराची माणसं खाटा घेऊन हॉलमध्ये घुसली. राजेशने दोघांचे वाल डब्यांत भरले, चिकटपट्टी लावून मंडळाचा शिक्का मारला आणि डबे घरोघर दिले. उरलेला खेळ पुढच्या रविवारी.

अभयने आठवडाभर अभ्यास केला. त्याचं दुखणं म्हणजे मधल्या जोड्या. एक्क्यांची जोडी काय, शेंबडं पोरही खेळेल; पण अठ्ठ्या आल्या की त्याची दातखीळ बसायची. मोबाईलवर बघून त्याने कागद लिहिला आणि आरशाला चिकटवला: 'डावाला पन्नास वाल सक्तीचे. मधली जोडी आली आणि वाल भरपूर असले, तर आधी थोडे टाकून समोरच्याचा अंदाज घ्यायचा. पाचशेच्या खाली आलो, तर सगळे ढकलायचे. माघार नाही!'

"दोन हजार आहेत. आधी थोडेच टाकायचे," असं तो रोज दाढी करताना आरशाला बजावायचा.

रविवारी डबा उचलला, तर हलका!

"आई! वाल कुठायत माझे?"

"गुरुवारी बिरडं नाय का खाल्लंस?" कौसल्याबाई शांतपणे म्हणाल्या. "दोनदा मागून घेतलंस मेल्या."

अभयने कपाळावर हात मारला. आपलीच आघाडी आपणच बोटं चाटून खाल्ली होती. डब्यात चारशे वाल उरले होते. राजेशकडे रडून उपयोग झाला नाही.

"नवीन आणून देतो रे!"

"मग उद्या काका पोतं आणतील. डब्यात आहेत तेवढेच तुझे."

तिसऱ्या डावाला अभयने पत्ते उचलले. अठ्ठ्यांची जोडी! आठवडाभर पाठ केलेलं सगळं पालथं झालं होतं. आता थोडे टाकण्याची ऐपतच नव्हती. अनुजा दारात नखं खात उभी होती. अभयने दात-ओठ खाल्ले आणि दोन्ही हातांनी सगळा ढीग पुढे लोटला.

"सगळे!"

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "बरं. बघतो."

त्यांच्याकडे नव्व्यांची जोडी निघाली. टेबलावर उघडलेल्या दोघांच्या सामाईक पाच पत्त्यांतही अभयच्या उपयोगाचं काही नव्हतं. खेळ खलास, हॉल गेला. अनुजाचं तोंड एवढंसं झालं, आणि तिच्याकडे बघून अभयला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात कौसल्याबाई रिकामी वाटी मागायला हॉलमध्ये आल्या. काका एकदम खुलले. "वहिनी, गुरुवारी पाठवलंत ते बिरडं! आहाहा! आमचा केटरर नुसतं पनीर-पनीर करतो हो. हळदीला तसं बिरडं कराल का?"

"करीन की. चार पातेली करीन." कौसल्याबाईंनी पदर खोचला. "पण भावजी, तुमची हळद संध्याकाळची ना? सकाळी हॉल रिकामाच की."

काकांनी राजेशकडे पाहिलं, राजेशने वहीत पाहिलं. सकाळचं कुणी विचारलंच नव्हतं. दोघांनीही सरसकट अख्खा दिवस मागितला होता.

"दोनपर्यंत आवरा म्हणजे झालं," काका म्हणाले. "आणि साखरपुड्याला मला बोलवा."

अनुजाने तिथेच वाकून काकांना नमस्कार केला.

जिना चढताना अभय थबकला. "आई, डब्यावर मंडळाचा शिक्का होता. दिसला नाय तुला?"

"दिसला की. म्हणून तर विळीने जपून कापला."

"अगं, पण का?"

"तूच लिहिलंयस ना आरशावर," कौसल्याबाई वर चढत म्हणाल्या, "आधी थोडं टाकून समोरच्याचा अंदाज घ्यायचा? मी वाटीभर टाकलं."