मदरबोर्ड आणि मिठाची पुरचुंडी

मी आयुष्यात कुठलीही वस्तू नीट निवडून आणलेली नाही. आमच्या घरात ते खातं अनिताकडे होतं. माठ, नारळ, कलिंगड, सगळं ती बोटाने वाजवून घ्यायची. (नवरा तेवढा न वाजवता घेतला, असं तिची आई म्हणायची.) ती जाऊन वर्ष झालं आणि माझ्यावर मदरबोर्ड निवडायची वेळ आली.

कारण एक कॅसेट. काही वर्षांपूर्वी नवा टेपरेकॉर्डर चालतो का बघायला मी तो स्वयंपाकघरात लावला आणि उत्साहाच्या भरात दुधाखालचा गॅसही मोठा केला. दूध उतू गेलं. अनिता ओरडली, ते टेपमध्ये उतरलं : "सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून! आता पुसा."

तिच्या आवाजातलं घरात एवढंच उरलं. मी आणि माझी मुलगी भूमिका ते रोज ऐकायचो. (स्वतःची खरडपट्टी रोज लावून ऐकणारा पेण तालुक्यात मी एकटाच असेन.) ऐकून ऐकून टेप झिजली. आवाज घोगरा व्हायला लागला, तशी माझी झोप उडाली.

"कॉम्प्युटरात घ्या, काका. तिथं आवाज झिजत नाय," हितेश म्हणाला. मी रोह्याला कंपनीत टाइम-ऑफिसमध्ये क्लार्क आणि हितेशचा कॉम्प्युटर क्लास कंपनीच्या रस्त्यावरच. सुटे भाग आणून तो कॉम्प्युटर जोडूनही द्यायचा.

"स्वस्त पाहिजे आणि भरवशाचा पाहिजे," मी म्हणालो.

त्याने टेबलावर तीन मदरबोर्ड मांडले. "ह्यो महाग, डोळं मिटून घ्या. ह्यो स्वस्त, पण डोळं मिटू नका. ह्यो मधला. आवाजाची सोय ह्याच्यातच हाय."

"पण हा करतो काय?"

"सगळ्यांना जोडून ठेवतो. ह्यो गेला, की बाकीचं कितीबी चांगलं असू दे, घर गप."

माझ्याबरोबर आलेली भूमिका खिडकीबाहेर बघायला लागली. मीही बघितलं. बाहेर काही नव्हतं.

मग मी तिन्ही बोर्ड उचलून, कानाशी धरून, बोटाने वाजवले.

"काका, माठ हाय का तो?"

मधला बरा वाजला. तोच घेतला.

कॉम्प्युटर पेणला घरी आला. हितेशने वायर लावून अनिताचा आवाज आत घेतला. आम्ही ऐकला, अगदी स्वच्छ. मी इतका खूष झालो, की कॅसेट जपून ठेवावी म्हणून स्वतः रिवाइंड करायला घेतली. टेपरेकॉर्डरने ती खाल्ली. बाहेर आली ती शेवयांसारखी. आता जे होतं ते त्या डब्यातच होतं.

त्या डब्याला जपायला हवं होतं. अनिता वडखळकडची, मिठागरवाल्यांची. नवीन वस्तू घरात आली, की ती माहेरच्या मिठाची पुरचुंडी तिच्यावर बांधायची, नजर लागू नये म्हणून. स्कूटर, मिक्सर, टीव्ही, कशालाच सोडलं नव्हतं. तिच्या हातचं थोडं मीठ बरणीत शिल्लक होतं. मी पुरचुंडी बांधली. पण बाहेर दिसली तर भूमिका हसेल, म्हणून कॅबिनेट उघडून आत, थेट मदरबोर्डाच्या वर टांगली. ते करताना मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आषाढात कॉम्प्युटर बंद पडला.

नेमक्या सासूबाई, बायजाबाई, आल्या होत्या. मी कॅबिनेट उघडलं. पुरचुंडी टपटप गळत होती आणि बोर्डावर हिरवट बुरशीसारखं काही चढलं होतं.

"जावयबापू, ह्यो काय केलाव? मीठ पावसात पानी सोडतंय, ह्ये म्हायती नाय? माजी पोर मिरगाच्या आधी सोडून ठेवायची!"

मी गडब गावचा, भातशेतीवाल्यांचा. वीस वर्षांत ती पुरचुंडी कधी बांधते ते मी बघितलं, कधी सोडते ते एकदाही बघितलं नव्हतं.

अनिताच्या जुन्या साडीत कॅबिनेट गुंडाळून आम्ही एस.टी.ने रोह्याला नेलं. हितेशने कॅबिनेट टेबलाखाली जमिनीवर ठेवून बोर्ड बघितला आणि मान हलवली. मग हार्ड डिस्क काढून स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली. "आवाज हिच्यात असतो. बघू, वाचली असली तर."

मी देवाचं नावही घेतलं नाही. म्हटलं, त्यातही काही चुकायचं.

खरखर झाली. आणि मग स्वच्छ : "सांगितलं होतं ना, हात लावू नका म्हणून! आता पुसा."

हितेश फिस्सकन हसला. भूमिका हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मला समोरचं काही दिसेना. टेबलावरचं फडकं हाताला लागलं. मी मुकाट्याने पुसायला लागलो. वरून पुसलं, बाजूने पुसलं, कोपरे पुसले. वीस वर्षांत तिने सांगितलेलं एवढं मन लावून कधी केलं नव्हतं.

"बाबा," भूमिका नाक ओढत म्हणाली, "ह्यो हितेशदादाचा कॉम्प्युटर हाय. आपला खाली हाय."