दोन आई सापडल्या, एक ठेवू?

मनुष्य किती सुसंस्कृत आहे, हे त्याच्या घरात किती वस्तू चार्जिंगला लावलेल्या आहेत यावरून ठरतं. या कसोटीवर आमच्या कार्यालयातला सर्वांत सुसंस्कृत मनुष्य म्हणजे चार्जर. त्याचं खरं नाव हजेरीपटावर आहे. पण कुठल्याही खोलीत शिरल्यावर तो माणसांच्या आधी भिंतीतल्या प्लगची विचारपूस करतो, म्हणून हे नाव पडलं. आम्ही दोघं वजनमापं तपासायच्या खात्यात आहोत. तराजू खरं बोलतो की नाही एवढंच आम्ही बघतो. तराजूमागच्या माणसाशी आमचा संबंध नसतो.

चार्जरकडे दोन फोन, एक टॅबलेट आणि एक मनगटी घड्याळ आहे. (घड्याळ त्याला दर तासाला श्वास घ्यायची आठवण करतं. आजवर त्याचा एकही श्वास चुकलेला नाही, याचं श्रेय घड्याळाला द्यायलाच हवं.) टॅबलेट फ्रिजच्या दाराला चिकटवायला लोहचुंबकी स्टँड आहे, स्टँड पुसायला खास फडकं आहे आणि फडकं ठेवायला खास पिशवी आहे. पिशवी हरवली तर शोधायला ॲप आहे.

घरात आणखी दोन माणसं. बायको कवळ्या बनवणाऱ्या कार्यशाळेत काम करते. जबड्याचा साचा बघून हा म्हातारा कुठल्या बाजूनं चावतो ते ती बिनचूक सांगते. आई निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये बसून तिनं लोकांची भांडणं, लग्नं आणि थापा एकमेकांना जोडून दिल्या आणि त्यातलं अवाक्षर बाहेर फुटू दिलं नाही. बायकोची आई दोन तासांच्या अंतरावर एकटी राहते. तिच्याकडे बटणांचा साधा फोन आहे, त्यामुळे चार्जरच्या लेखी ती जवळजवळ नाहीच.

एका रविवारी चार्जरच्या लक्षात आलं की आपल्या घरात माहितीचा फार विस्कळीतपणा आहे. त्यानं तत्काळ एक क्लाउड सेवा घेतली. घोषवाक्य होतं, ‘एक कुटुंब, एक स्मृती’. सगळ्यांचे फोन एका खात्याला जोडायचे, की कुणी काही लक्षात ठेवायची गरज उरत नाही. ॲपनं एक्केचाळीस परवानग्या मागितल्या. चार्जरनं एक्केचाळीस दिल्या. (लग्नात त्यानं इतक्या गोष्टींना होकार दिला नव्हता.) जेवणं होईपर्यंत अहवाल आला:

तपासलेले संपर्क: १,२१४.
नावांतून काढलेले अनावश्यक कंस: ३०८. (हे मला व्यक्तिशः लागलं.)
दोन ‘आई’ सापडल्या. एक ठेवू?

खुलासा करायला हवा. बायकोच्या फोनमध्ये स्वतःची आई ‘आई’ या नावानं होती आणि सासू ‘आई (घरच्या)’ या नावानं. कंस गेल्यावर दोघींत फरक उरला नाही. चार्जरनं ‘हो’ दाबलं. सासूची आई व्हायला एरवी वीस-पंचवीस वर्षं लागतात आणि बहुतेक प्रकरणं प्रलंबितच राहतात. इथे ते काम अर्ध्या सेकंदात झालं.

त्या दिवसापासून बायकोच्या फोनमध्ये एकच आई राहिली. तिचे नंबर दोन होते, पण निरोप पहिल्या नंबरवर जायचा, आणि पहिला नंबर सासूचा होता.

सोमवारी दुपारी कार्यशाळेत डबा खाताना बायकोनं नेहमीप्रमाणे आईला लिहिलं, “आज पण म्हातारीनं माझा डबा उघडून बघितला. काय सोनं नेते का मी डब्यात?”

दोन दिवस उत्तर आलं नाही. मग आलं, “बरं. अजून काय काय करते?”

आईनं पहिल्यांदाच एवढ्या आस्थेनं विचारलं म्हणताना बायकोचा बांध फुटला. दीड महिन्यात तिनं सत्तावन्न तक्रारी लिहिल्या. सासू खोलीत न ठोठावता येते. सासू धुतलेली भांडी पुन्हा धुते, तीही आवाज करून. माझ्याशी बोलायचं असलं की नवऱ्याला सांगते, “तिला म्हणावं”, आणि मी तिथेच उभी असते. सगळ्याला उत्तरं आली. एकदा आलं, “तुझी सासू खडूसच आहे. मला संशय होताच.” एकदा आलं, “तिलाही कुणी शिकवलं नसेल गं. बघू, सुधारते का.”

आणि सासू सुधारली. दारावर टकटक होऊ लागली. भांडी एकदाच धुतली जाऊ लागली. “तिला म्हणावं” बंद झालं. चार्जरनं याची टक्केवारी काढली: घरातल्या कुरबुरींत अडुसष्ट टक्के घट. तिचा रंगीत आलेख करून त्यानं कार्यालयात सर्वांना दाखवला. “सिंकिंगमुळे,” तो म्हणाला. साहेबांनी मान डोलावली आणि घरी जाऊन तीच सेवा घेतली.

इकडे दुसरी आई फोन करत होती. संध्याकाळ सासरच्यांची असते, अशा समजुतीनं ती लेकीला दुपारीच फोन करी. लेकीच्या फोनवर ‘आई’ असं उमटे. आई तर हल्ली लिहूनच बोलते, तेव्हा लेकीला वाटे, कंस गेलेल्या सासूबाई. दूध आणायचं सांगत असतील. हातात साच्याचं ओलं प्लास्टर असे. ती फोन कापे. (असे कापलेले फोन: एकोणीस. या आकड्याचा आलेख काढला गेला नाही.)

सातव्या आठवड्यातल्या शनिवारी तिघंही घरी होती. बायकोचा फोन वाजला. निरोप होता, “आई: पडले. उजवा हात मोडला. दवाखान्यात आणलंय. ये.”

बायको किंचाळतच स्वयंपाकघरात धावली. “आई! आई पडली!”

सासू ओट्याशी उभी राहून डाळ निवडत होती. “मी? मी कशाला पडू?”

“अहो, माझी आई! हा बघा ना तिचा मेसेज!”

सासूनं चष्मा लावून वाचलं. मग डाळीचं ताट बाजूला सारलं आणि शांतपणे म्हणाली, “हो. हा तुझ्या आईचाच आहे. बाकीचे माझे होते.”

‘बाकीचे’ या शब्दाचा अर्थ बायकोच्या चेहऱ्यावर हळूहळू चढत गेला. डबा, भांडी, म्हातारी, खडूस.

“तुम्ही... सगळं वाचलंत?”

“वाचलं.”

“मग सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर तू लिहिणं बंद केलं असतंस,” सासू म्हणाली. “या घरात मला कोण काय सांगतं? हा घड्याळाशी बोलतो. तू त्याच्याशी बोलतेस. तेवढंच एक होतं, कुणीतरी रोज मला काहीतरी लिहीत होतं.”

अशा नाजूक प्रसंगी घरातल्या जाणत्या पुरुषानं सूत्रं हाती घ्यायची असतात. चार्जरनं टॅबलेट हाती घेतला. “एक मिनिट. दोन्ही आई वेगळ्या करतो, मग लगेच फोन लावू,” असं म्हणून त्यानं ‘विलीनीकरण रद्द’ दाबलं. ॲपनं विचारलं, “संबंधित निरोप व कॉलच्या नोंदींसह?” अर्धवट काम त्याला आवडत नाही. त्यानं ‘हो’ दाबलं.

फ्रिजच्या दारावर, दोन्ही फोनवर, बायकोच्या फोनवर आणि मनगटावर एकाच क्षणी हिरवी खूण उमटली. ‘आई यशस्वीरीत्या काढून टाकली.’

“नंबर सांग,” चार्जर बायकोला म्हणाला.

बायकोनं तोंड उघडलं. पहिले तीन आकडे आले. त्यापुढे काही येईना. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी, पुन्हा तिथेच अडके. जिच्या हातचं जेवून ती मोठी झाली, ती आई कुठल्यातरी दवाखान्यात मोडका हात घेऊन पडली होती आणि लेकीला चौथा आकडा आठवत नव्हता. “तुला?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“मला कसा असेल?” चार्जर दुखावून म्हणाला. “त्याचसाठी तर सेवा घेतली.” तेवढ्यात घड्याळ थरथरलं आणि त्यानं एक दीर्घ श्वास घेतला.

सासूनं पदराला हात पुसले, सुनेच्या हातातून फोन घेतला आणि न थांबता दहा आकडे दाबले. तुमचं लग्न ठरलं त्या दिवशी विहीणबाईंनी दिला होता, एवढंच ती म्हणाली. पलीकडे विहीणबाईंच्या शेजारणीनं उचलला. दवाखान्याचं नाव कळलं, खोली कळली. सासूनं फोन सुनेकडे दिला. “बोल आईशी. आणि आधी रडू नको, तिला वाटेल तुलाच काहीतरी झालं.”

दोघी पहिल्या बसनं गेल्या. बसमध्ये काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नाही. एक ऑपरेटर सांगणार नाही आणि दुसरीला सांगवत नाही. प्लास्टर निघेपर्यंत विहीणबाई चार्जरच्याच घरी आहेत. घरात कुणी ‘आई’ म्हणून हाक मारली की दोन खोल्यांतून ओ येते, आणि दोघींना मिळून एकच तक्रार उरली आहे, ती सध्या घड्याळाला श्वास मागत बाल्कनीत बसते.

चार्जर खचलेला नाही. कंपनीनं खेद व्यक्त करून त्याला जास्त जागेचं पॅकेज तीन महिने फुकट दिलं आहे. त्यानं ते आम्हा सगळ्यांना सुचवलं. कार्यालयात पोट धरून हसलो आम्ही. इतकं हसलो, की साहेबांनी डोळे पुसत विचारलं, “काय रे, तुमच्यापैकी कुणाला तरी पाठ आहे का आईचा नंबर?”

हसणं हळूहळू थांबलं. मीही मनात म्हणून बघितला. सहा आकडे आले.

आता तुम्ही. फोन उलटा ठेवा आणि म्हणा. आम्ही थांबलो आहोत.