गेंदलालमामा, बारदाना वजा

रोज सकाळी सात वाजता आमच्या कामठ्यात, धान खरेदीच्या गोदामात, एक माणूस स्वतःला मोजतो. चपला काढतो, पोत्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर मांडी घालून बसतो, नजर समोर, श्वास रोखलेला, आणि हमालाला म्हणतो, "बोल." हमाल आकडा वाचतो. मग हा माणूस खाली उतरून भिंतीवर खडूनं तो आकडा लिहितो आणि त्यातून सातशे ग्रॅम कमी करतो. का म्हणून विचारलं तर म्हणतो, "पायजामा आन् बनियान. बारदाना वजा करा लागते ना!"

हे आमचे गेंदलालमामा. माझे सख्खे मामा नव्हेत, शेजारचे. पण त्यांना सारं गाव मामा म्हणतं आणि त्यांच्या बायकोला मामी, म्हणून मीही म्हणते. आमच्या दोन घरांच्या मधे कंबरेएवढी भिंत आहे. तिच्यावरून दही, कढीपत्ता आणि भांडणं सगळं इकडून तिकडे जातं. मी इथल्या शाळेत गणित शिकवते. बाई फटकळ आहे, असं गावात म्हणतात. म्हणोत.

मामा आयुष्यभर काट्यावर बसले. शेतकऱ्यानं पोतं टाकलं की मूठभर धान हातात घ्यायचं, एक दाणा दाताखाली चावायचा आणि सांगायचं, "ओल आहे. वापस ने, वाळव." ओल मोजायचं यंत्र आता आलंय, पण यंत्राच्या आधी मामांचा दात बोलतो. भांडायला कोणी उभं राहिलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं, "मी खोटा असन, काटा खोटा नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की वर्गात मुलांनी ताळा चुकवला तर माझ्या तोंडूनही तेच निघतं.

एकदा त्यांचा सख्खा साळा ट्रॅक्टर भरून धान घेऊन आला. दाजीचाच काटा आहे, काळजी नाही, अशा ऐटीत. मामांनी दाणा चावला आणि सगळा माल परत पाठवला. मामीनं दोन दिवस तोंड फुगवलं. साळा दोन वर्षं बोलला नाही. मामा म्हणाले, "साळा उद्या बोलन, नाई बोलन. काट्याले एकदा खोटं म्हणलं तं मंग मी कोनाचा?"

घरीही तेच. भोपळा आला की मोज, पाहुणा आला की मोज. माझी मुलगी जन्मली तेव्हा बारशाला आलेल्या या माणसानं पिशवीतून ताणकाटा काढला आणि तिला झोळीसकट टांगून मोजलं. "झोळी वजा करून सांगतो," म्हणाले. माझी सासू किंचाळत होती.

तर अशा माणसाचं गेल्या साली पोट फुगलं. हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यागत. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लिव्हर आकसलं आहे, जुन्या काविळीनं आतल्या आत पोखरलं होतं. गावाला हे पटेना. लिव्हर म्हटलं की मोहाचीच दारू, दुसरं काही लोकांच्या डोक्यात येत नाही. "मामा लपून घेत असन," असं पानठेल्यावर बोलणं झालं. मामांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. त्यांना रोगापेक्षा याचा राग जास्त. "आयटममदी काहीच नाही आन् बिल मात्र आलं," म्हणायचे.

दवाखान्यातून पोटातलं पाणी सुईनं काढून आणलं. मग गावातले डॉक्टर सुरू झाले. हळद बंद. तेल बंद. डाळ तर विषच. सकाळ-संध्याकाळ उसाचा रस. एकानं झाडपाल्याचा काढा आणून दिला, वर म्हणे पंधरा दिवसांत लिव्हर कोवळं होते. मामा महिनाभर उकडलेल्या दुधी भोपळ्यावर राहिले आणि असे वाळले की काट्यावर बसले तर हमाल आकडा मोठ्यानं वाचायला लाजायचा.

शेवटी मीच त्यांना घेऊन गोंदियाला गेले. मामी आल्या नाहीत. त्यांना बस लागते, चढल्यापासून उतरेपर्यंत उलट्या. आता वाटतं, त्या दिवशी त्यांना ऑटोनं न्यायला हवं होतं. चूक माझीच.

दवाखान्यात आहार सांगणारी एक तरुण बाई होती. मामा तिला डायटवाली म्हणतात. तिनं काढ्याची बाटली हातात घेतली, वास घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मामा बघतच राहिले.

"काका, डाळ कोणी बंद केली?"

"गावानं."

"मग गावालाच विचारा, तुमच्या दंडावरचं मांस कुठं गेलं ते. डाळ खायची. अंडं चालतं का? खायचं. दही, पनीर, मासोळी, सगळं. हळद खा, थोडं तेल खा. रस नको, काढा अजिबात नको. उपाशी राहायचं नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. झोपायच्या आधी काहीतरी खाऊनच झोपायचं, नाहीतर रात्रभर शरीर स्वतःचंच मांस खातं."

"आन् बंद का?" मामांना बंदची यादी दिल्याशिवाय दवाखान्यात गेल्यासारखं वाटत नाही.

"मीठ. स्वयंपाकात घालायचं नाही. पापड, लोणचं, सुकट, फरसाण, काही नाही. मिठानं पाणी धरतं. रोज सकाळी वजन करायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत. दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं तर ते मांस नाही, पाणी. लगेच इकडे यायचं."

मामांचा चेहरा उजळला. महिन्याभरात पहिल्यांदा कोणी त्यांच्या भाषेत बोललं होतं. "म्हंजे ओल," ते म्हणाले. "मी धानाची ओल धरतो, तुमी मानसाची धरता. बराबर!"

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन वेगळं सांगितलं. पुन्हा पाणी भरलं, त्यात संसर्ग झाला तर परत आणता येईलच असं नाही. हे मी मामांना सांगितलं नाही. त्यांनीच बसमध्ये सांगितलं, "मले आयकू आलं, बाई. कान चांगले आहेत."

तेव्हापासून भिंतीवरचे खडूचे आकडे सुरू झाले. मामा नेमाला पक्के. सकाळी उठल्याबरोबर खाणं, दहाला अंडं, दुपारी डाळभात, चारला बिनमिठाचे मुरमुरे, रात्री झोपताना दुधात कुस्करलेली पोळी. पोळीही तोलून. दंडावर मांस दिसायला लागलं. पंधरा दिवस आकडा अठ्ठावन्नावर थांबला आणि मी मनात म्हटलं, सुटलो.

मग आकडा चढायला लागला. साठ. एकसष्ट. तीन दिवसांत त्रेसष्ट. गाव खूश. "मामा, तब्येत सुधरून राहिली!" मला डायटवालीचं बोलणं आठवलं. मी गोदामात गेले.

"मामा, हे पाणी आहे. पाय दाखवा."

पाय दाखवले नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "काट्यात खोट आहे."

मी ऐकलं ते खरं वाटेना. "काय म्हणालात?"

"काटा बिघडला आहे. जास्त दाखवून राहिला."

हमाल पोतं खाली टाकून बघायला लागला. साळ्याचा ट्रॅक्टर परत पाठवणारा माणूस! मी म्हटलं, "मग त्याच काट्यावर लोकांचं धान कसं घेता?" तर म्हणाले, "धानाले बराबर आहे. मानसालेच जास्त दाखवते." मी गणिताची बाई. असलं उत्तर मी सहावीच्या पोराचंही चालवून घेत नाही. खूप बोलले, नको ते बोलले, आणि रागानं घरी आले.

राग उतरला तेव्हा विचार केला, मीठ येतंय कुठून? संध्याकाळी दह्याचं भांडं घेऊन भिंतीवरून नव्हे, दारानं गेले. मामी चुलीजवळ होत्या. वांग्याची भाजी रटरटत होती. त्यांनी फळीवरून एक छोटी डबी काढली, चिमूट घेतली आणि भाजीत सोडली. गुलाबी पूड होती.

"मामी! हे काय?"

"सेंधा मीठ आहे," मामी शांतपणे म्हणाल्या. "उपासाचं. हे मिठात येत नाही. एकादशीले चालते, तं याइले नाई चालन?"

"मीठच आहे ते! खाणीतलं असो, समुद्रातलं असो, पाणी तेवढंच धरतं!" मी ओरडलेच. "अगोदर अळणी देत होता ना? मधेच का सुरू केलं?"

मामींनी भाजी ढवळली. मग म्हणाल्या, "पंधरा दिवस केलं, बाई. नाई होत. अळनी तं आमच्यात सुतकात रांधतात. मीठ नाई, हळद नाई, फोडनी नाई. या घरात मी एकदाच रांधलं तसं, आमची पोरगी गेली तवा. जित्याजागत्या मानसापुढं ते ताट मी रोज दोन टाइम वाढू? माहा हात कापते." आणि पदर डोळ्याला लावला.

मी त्यांच्या शेजारी पाटावर बसले आणि डायटवालीला फोन लावला. ती पोरगी शहाणी. रागावली नाही. मीठ ते मीठच, हे तिनं मामींना नीट समजावलं. उद्याच मामांना दाखवायला आणा, असं मला सांगितलं. मग मामींना विचारलं, "काकू, सुतकात हळद नसते म्हणता ना? मग तुम्ही हळद घाला. फोडणी द्या, चुरचुरीत द्या. लसूण घाला, जिरं घाला, वरून हिरवा सांबार, कोथिंबीर पेरा, लिंबू पिळा. असं ताट सुतकाचं असतं का?"

मामी फोनजवळ सरकल्या. "नाई," त्या म्हणाल्या. "हळद-फोडनीचं ताट सुतकाचं कसं होईन?" मग डबी माझ्या हातात दिली. "ने हे. पन याइले सांगू नोको हो. माह्या हातानं पानी भरलं, असं समजलं तं..."

दुसऱ्या दिवशी मामांना ऑटोत घालून गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि वेळेत आलात म्हणाले. परत येताना मला राहवलं नाही.

"मामा, तुम्ही दाणा चावून ओल सांगता. भाजीतलं मीठ कळलं नाही?"

मामा बाहेर धानाच्या बांध्यांकडे बघत होते. "पयल्या घासाले समजलं."

"मग बोलला का नाहीत? जीव जात होता तुमचा!"

"ती ताट वाढून समोर बसते, बाई. पंधरा दिवस पाहून राहिलो होतो, वाढताना हात थरथरे तिचा. मले मालूम आहे, कायले ते. मंग मीठ सुरू केलं तं हात थांबला." मग म्हणाले, "तिले कसा म्हनू, का तुह्यामुळं वजन वाढलं? कोनाले तरी खोटं ठरवाच लागते. काट्याले म्हणलं. त्याले का, लोखंडाचा आहे."

मी दुसऱ्या बाजूला तोंड केलं. ऑटोवाला आरशातून बघत होता, बघू दे.

आठवड्यात आकडा साठावर आला, मग अठ्ठावन्नावर. शेजारून रोज फोडणीचा असा ठसका यायचा की माझा नवरा म्हणाला, आजारी माणसाच्या घरी जेवण चांगलं होतं, आपल्याकडेच काय ते दवाखान्याचं.

परवा संध्याकाळी मी अंगणात कपडे काढत होते. भिंतीपलीकडे मामा ओसरीवर जेवायला बसले होते, मामी समोर.

"अवं," मामा म्हणाले, "आज मिस्त्री आलता. काटा दुरुस्त करून गेला. त्याच्यातच खोट होती."

मिस्त्री-बिस्त्री कोणी आला नव्हता. त्या काट्याचा स्क्रूसुद्धा कधी ढिला झालेला नाही.

मामींचा आवाज आला, एकदम मोकळा, नव्या नवरीसारखा. "अगं माय! मंग त्याले तसाच जाऊ देला? घरी आनाचं ना जेवाले. एवढं चांगलं काम केलं त्यानं."

"म्हणलो ना त्याले," मामा म्हणाले. "तो म्हणे, पुढच्या टायमाले. वाढ अजून थोडी भाजी."