बुटक्या कणगीचं पोट

या, असं जवळ सरका. बुवा अजून पागोटं बांधतायत, कीर्तनाला अवकाश आहे. तोवर एका कणगीची गोष्ट सांगतो. भर मंडपात तिने एका हिशेबी माणसाला दानशूर करून सोडलं, आणि तेही त्याच्या मनाविरुद्ध!

म्हसवडच्या वाटेवरचं गाव, चौऱ्याहत्तर साल. पलटणीतून परतलेल्या नाथाजी हवालदाराच्या घरात दुष्काळानंतरचा पहिला जोंधळा आला होता. पोत्यांवरून त्याचा हात निघत नव्हता. पण बायकोने, राहीबाईने, कोरड्या वर्षी सिद्धनाथाला बोलून ठेवलं होतं, "रान पिकू दे, सप्त्याच्या भंडाऱ्याला कणगीभर जोंधळा घालीन."

बुरडाकडची बांबूची तट्टी घरात होती. रुंदीच्या दुप्पट लांब. ती गोल वळायची, शिवायची आणि शेणाने लिंपायची, की झाली कणगी.

"आवं, तट्टी उभी वळू का आडवी?" राहीबाईने विचारलं.

नाथाजीने मनात हिशेब मांडला. लांब बाजू उभी धरली की माणसाहून उंच, बारीक कणगी होते. तिच्यात दोन पोती मावतात, हे त्याला ठाऊक होतं. "आडवी वळ. बुटकी हुईल. दीड पोत्यात काम फत्ते."

"तट्टी तर तीच हाय की."

"नवस कणगीचा हाय नव्हं? किती उंच, ते कुटं बोलली हुतीस?"

राहीबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा तट्टीकडे. "बरं," ती म्हणाली. सगळ्या संसारात तिने इतक्या पटकन 'बरं' म्हटलं नव्हतं. हवालदाराने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

काल्याच्या दिवशी कणगी मंडपात बसली. गावचा रिवाज असा, की देवाच्या कणगीत पहिली पाटी पडली की ती काठोकाठ भरेपर्यंत नामाचा गजर थांबत नाही, आणि गजर थांबल्याशिवाय कीर्तन उभं राहत नाही. कीर्तनकार आकारामबुवांनी 'विठ्ठल विठ्ठल' धरलं. नाथाजीने ऐटीत दोन पोती आणली होती. उरलेलं अर्धं परत न्यायला रिकामी पिशवीसुद्धा आणली होती.

पहिलं पोतं रिकामं झालं. नाथाजीने आत डोकावलं. जोंधळा कुठेतरी खाली, तळाला. दुसरं ओतलं, तरी कणगी अर्धीच.

"गुंडा, खालनं गळतंय का बघ रं!"

भावकीतला गुंडा पोटावर पडून कणगीभोवती सरपटत फिरून आला. "एक दाना न्हाई, दादा."

"मग जातंय कुटं?"

"आत!"

बायकांतून म्हातारी दगडाबाई ओरडली, "हवालदार, थांबलासा का? देव आ करून बसलाय!"

बुवांचा आवाज बसत चालला, टाळकरी घामाने निथळले. गाडी घराकडे पळाली. तिसरं पोतं आलं, चौथं आलं. दर पोत्याला नाथाजीचा चेहरा उतरे आणि गजर चढे. चौथ्याच्या शेवटच्या पाटीला कणगीवर शीग चढली. मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला.

हायस्कुलात गणित शिकवणारे कवठे महांकाळचे पायगोंडा गुरुजी शेजारी ताल धरून बसले होते. नाथाजी त्यांच्या कानाशी लागला, "गुरुजी, तट्टी तीच. मग असं कसं वो?"

"आडवी वळलीत म्हणून घेर दुप्पट झाला, हवालदार. घेर दुप्पट, की तळ चौपट. उंची निम्मी झाली, तरी माल दुप्पट उरतोच."

"मग आदी का न्हाई बोलला?"

"तुमी इचारलंत कुठं? मला वाटलं, मन मोठं हाय."

तेवढ्यात बुवा उभे राहिले आणि बसक्या आवाजात म्हणाले, "उंच दान लांबनं दिसतं, बाबांनो. रुंद दान जेवणाऱ्याला कळतं!" लोक नाथाजीच्या पाया पडायला लागले. पाय मागे घ्यायलाही त्याला जागा उरली नाही. त्या दिवशी आसपासची कोरडी गावंही लोटली. पंगतींवर पंगती उठल्या, आणि कुणी उपाशी गेलं नाही.

संध्याकाळी नाथाजीने विचारलं, "तुला ठावं हुतं?"

"कणग्या लिंपण्यात जलम गेला माजा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी म्हणाला आडवी, मी वळली आडवी. कवा न्हाई ते ऐकलं, तर त्याचं बी दुखणं?"

पुढच्या वर्षी नाथाजीने स्वतःच तट्टी उभी वळली. दोन पोत्यांत शीग. आणि मंडपाने काय म्हणावं? "आवं, गेल्या सालापरीस दुप्पट उंच! हवालदाराची भक्ती लय वाढली!" हार गळ्यात पडला. नाथाजीला गेल्या सालची चार पोती आठवली. मग हार काढून खुंटीला अडकवला, घरी गेला आणि आणखी दोन पोती गाडीत घालून घेऊन आला. गाडी घरून निघताना दारात राहीबाई उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बरं."

बुवा उभे राहिले बघा. नीट बसा. पण कीर्तनानंतरच्या पंगतीला भाकरी मोडाल, तेव्हा पहिल्या घासाला राहीबाईची याद करा.